एक वाटी मैदा म्हणजे किती ग्रॅम?

तुमचा प्रश्न असा, की केकच्या रेसिपीत १८० ग्रॅम मैदा दिलाय, घरी काटा नाही, नुसत्या वाट्या आहेत. मग किती वाट्या घ्यायच्या?

आधी लिटरची बाटली पाण्याने भरा आणि तुमच्या वाटीने रिकामी करा. आमच्या आमटीच्या वाटीने साडेपाच वाट्या निघाल्या, म्हणजे वाटी साधारण १८० मिलीची. आता लक्षात ठेवायचं ते एवढंच: पाण्याचं जे वजन, त्याच्या जवळपास निम्मं तेवढ्याच मापाच्या मैद्याचं. म्हणजे आमच्या वाटीत ९० ग्रॅम, तुमच्या केकला अशा दोन वाट्या. अमेरिकन रेसिपीतला कपही यातच बसतो. तो सुमारे २४० मिलीचा, त्यात मैदा १२० ते १२५ ग्रॅम. ऑस्ट्रेलियातला कप मात्र २५० मिलीचा असतो.

पण हे सगळं सैल भरलेल्या मैद्याचं, आणि गोम तिथंच आहे. भाचीच्या वाढदिवसाला मी कप सरळ डब्यात खुपसून मैदा काढला होता. केक असा झाला की लेकरांनी तो चहात बुडवून खाल्ला. नंतर शेजारच्या किराणा दुकानात तसाच भरलेला कप काट्यावर ठेवला, तर मैदा १४८ ग्रॅम! कप तोच, पीठ पंचवीस ग्रॅम जास्त.

आमच्या परभणीकडच्या आजीला हे सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही. तिच्या काळी ज्वारी पायलीने मोजायचे, चार शेरांची एक पायली. "पायली कोण भरायलंय ते बघावं आधी," म्हणाली. शीग लावून भरली की सपाट, दाणा ठोकून बसवला की नुसता ओतला, यावर घेणाऱ्या-देणाऱ्यांत कायम कुरबुर चालायची. दाण्याचं हे, तर पिठाचं काय सांगावं! गिरणीतून आलेलं पीठ फुललेलं असतं, डब्यात दोन दिवसांत बसतं.

म्हणून डब्यातलं पीठ आधी चमच्याने सैल करा, चमच्याचमच्याने वाटीत टाका, वाटी ठोकू नका आणि वरची शीग सुरीच्या पाठीने उतरवा. चाळलेला मैदा आणखी हलका भरतो, तेव्हा रेसिपीत मोजून चाळायचंय की चाळून मोजायचंय, ते नीट वाचा.

निम्म्याचा हिशोब मैदा-कणकेपुरताच. २४० मिलीच्या कपात साखर २०० ग्रॅम मावते, रवा १६५च्या आसपास. म्हणूनच आमच्याकडे दिवाळीत घरची कणीक-साखर देऊन बेकरीत बिस्किटं भाजून आणतात, तेव्हा भट्टीवाला सगळं किलोतच विचारतो. वाट्या सांगितल्या की हसतो.

हात पारखायचा असेल तर मैद्याचा अर्धा किलोचा पुडा आणून एकदा सगळा वाट्यांनी मोजा. लिटरभर पाण्याला जितक्या वाट्या लागल्या, जवळपास तितक्याच लागायला हव्यात. पाणी साडेपाच वाट्या आणि पुडा मात्र साडेचारातच संपला, तर तुम्ही दाबून भरताय. तसा हात बदलत नसेल तर दोन वाट्या घेऊच नका, दीडच्या किंचित वर थांबा.