खर्रा खाल्ल्यावर डोकं शांत होतं का?

प्रश्न : माझे मिस्टर बुटीबोरीला कारखान्यात सुपरवायझर आहेत, वय ४१. काही महिन्यांपासून छातीत धडधड, मान आखडणं, पहाटे तीनला जाग, मुलांवर ओरडणं सुरू आहे. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल. आधी दिवसाला दोन खर्रे (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेले) खायचे, आता सहा. म्हणतात, त्यानंच डोकं शांत राहतं. खरं आहे का?
— एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : ताई, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक सोडतात. ठोके वाढतात, स्नायू ताठतात. मागोमाग कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं आणि ते ओसरायला तासाहून जास्त वेळ लागतो. दिवसभर टार्गेटचे फोन येत राहिले, तर शरीराला सैल पडायला उसंतच मिळत नाही. त्यात झोप मोडली की राग आवरणंही जड जातं.

खर्ऱ्याबद्दल त्यांना वाटतं ते मात्र खरं नाही. खर्ऱ्यातल्या तंबाखूचं रक्तात गेलेलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि अस्वस्थता सुरू होते. पुढचा खर्रा शमवतो ती ही आधीच्या खर्ऱ्यानं आणलेली अस्वस्थता. कामाचा ताण तिथंच राहतो, शिवाय निकोटिन ठोके वाढवतं ते वेगळंच.

रात्रीच्या जेवणानंतरचा खर्रा सर्वांत आधी बंद करा, तो झोप बिघडवतो. पुडी खिशात नको. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी, बडीशेप, एक फेरी. पूर्ण सोडल्यावर पहिले तीन दिवस फार कठीण जातात, चिडचिड तीन-चार आठवडे राहू शकते. त्या दिवसांत घरात पैशाचे, नातेवाइकांचे विषय काढू नका, ही कळकळीची विनंती.

निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्यावं. ते सतत चघळलं की उचकी लागते, मळमळतं, आणि मग लोक सोडून देतात. जरा चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. चहानंतर १५ मिनिटं घेऊ नये, नीट शोषलं जात नाही.

घरी परतताना बसमध्येच पाच मिनिटं, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. जोर लावू नये, चक्कर येते.

खर्ऱ्यानं तोंड उघडणं कमी होतं, म्हणून त्यांची तीन बोटं उभी तोंडात जातात का, तेही आजच पाहा. जात नसतील किंवा पांढरा चट्टा दिसला, तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकलच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. खर्रा सोडायला मदत १८००-११-२३५६ वर मिळते. जगणं नको असं बोलू लागले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर फोन करा.