कोचकडे जाण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. हिंजवडीतल्या नोकरीला चार वर्षे झाली, पगार बरा आहे, सहकारी चांगले आहेत, तरीही रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, असे तू लिहिले आहेस. एका करिअर कोचचे नाव मिळाले आहे, पण पैसे भरण्यापूर्वी माझे मत हवे आहे, असेही लिहिले आहेस. पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : ‘एकदाचे कोणीतरी मला सांगावे, मी काय करू ते.’ मी याच वाक्यापासून सुरुवात करतो, कारण कोचकडून तुला जे मिळणार नाही ते नेमके हेच आहे. आणि ही गोष्ट आधीच कळली नाही, तर तिसऱ्या बैठकीपर्यंत आपण फसलो असे तुला वाटू लागेल.

आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटले की क्लास डोळ्यांसमोर येतो. लातूरचा अकरावी-बारावीचा क्लास असो किंवा पुण्यातला स्पर्धा परीक्षांचा, तिथे शिकवणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि आपण ते उतरवून घ्यायचे असते. तू ज्यांच्याकडे जाणार आहेस त्यांचा व्यवसाय वेगळ्या मुळातून आलेला आहे. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे. तिथे बनणाऱ्या घोडागाड्यांवरून हा शब्द युरोपभर पसरला, आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेच्या पार नेणाऱ्या शिक्षकाला गमतीने ‘कोच’ म्हणू लागले. पुढे 1970च्या दशकात टिमोथी गॅलवे या अमेरिकी टेनिस शिक्षकाच्या असे लक्षात आले की खेळाडूला सतत सूचना देत राहिले तर त्याचा फटका बिघडतो; उलट, चेंडू कसा येतो आहे याकडे त्याचेच लक्ष वेधले तर तो स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करू लागतो. हीच दृष्टी ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांच्यासारख्यांनी कचेऱ्यांत नेली, आणि 1995 साली थॉमस लिओनार्ड यांनी अमेरिकेत कोचांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. आज तुला जो ‘करिअर कोच’ भेटतो तो बहुधा याच परंपरेत प्रशिक्षण घेतलेला असतो. गाडी त्याची असली तरी कुठे जायचे ते प्रवाशाने सांगायचे असते.

म्हणून सर्वप्रथम स्वतःला विचार, की तुला खरोखर कोच हवा आहे का. आपल्यात कोणत्या क्षमता आहेत हेच उमगत नसेल, तर आधी अभिक्षमता चाचणी करून घ्यावी. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था हे काम कित्येक वर्षे करत आली आहे. एखाद्या क्षेत्रात प्रवेश कसा होतो, तिथे सुरुवातीचा पगार किती, एवढीच माहिती हवी असेल, तर त्या क्षेत्रात दहा वर्षे घालवलेल्या माणसाला चहाला बोलाव. आणि एक गोष्ट मी अतिशय काळजीपूर्वक लिहितो आहे. रविवारचा तो गोळा जर आता रोजचा झाला असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर कोचच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेट. शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. चांगला कोच ही सीमा ओळखतो आणि गरज पडली तर तुला स्वतःहून तिकडे पाठवतो. ‘तेही मीच बघतो’ असे म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊ नकोस.

ही सीमा तुलाच सांभाळावी लागणार आहे, कारण आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. कोचला तसे काही नाही. मी वर उल्लेख केलेली संघटना, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. पहिल्या पायरीसाठी किमान 60 तासांचे प्रशिक्षण आणि 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, दुसरीसाठी 125 आणि 500, तिसरीसाठी 200 आणि 2500. ‘प्रमाणित कोच’ असे नावाखाली लिहिलेले असेल तर ‘कोणाकडून, कोणत्या पायरीचे’ असे निःसंकोच विचारावे. प्रमाणपत्र नसलेलाही एखादा उत्तम कोच असू शकतो हे मला मान्य आहे, परंतु या प्रश्नाने जो चिडतो तो पुढे कोणत्याच प्रश्नाने शांत राहणार नाही.

पहिले बोलणे साधारणतः अर्ध्या तासाचे आणि बहुतेक वेळा विनाशुल्क असते. त्यात तुझी परीक्षा नसते. तुम्हा दोघांचे जमेल का, एवढेच पाहायचे असते. जमणार असेल तर लेखी करार मागून घे. बैठका किती, प्रत्येक किती मिनिटांची, ऐन वेळी रद्द करावी लागली तर काय, अर्ध्यात थांबायचे ठरवले तर उरलेले पैसे परत मिळतील का, बोलणे ध्वनिमुद्रित होणार का, टिपणे कोणाजवळ राहणार, हे सगळे त्यात असावे. गोपनीयतेचे कलम दोनदा वाच. तू सांगितलेले गुप्त ठेवणे हे कोचचे व्यावसायिक कर्तव्य आहे. परंतु वकिलाशी झालेल्या बोलण्याला न्यायालयात जे कायदेशीर संरक्षण मिळते ते कोचशी झालेल्या बोलण्याला नाही, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तर कोचला मौन सोडावे लागते.

पैसे कंपनी देणार असेल, तर हा करार तिघांचा होतो आणि तिथे विशेष सावध राहावे लागते. मी हे स्वतः अनुभवले आहे. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात होतो, तिथे शेहेचाळिसाव्या वर्षी मला वरिष्ठांच्या सांगण्यावरून कोच देण्यात आला. वरिष्ठांना काय कळवले जाणार आणि काय नाही, हे कोणीच कागदावर आणले नव्हते, त्यामुळे पहिल्या दोन बैठका मी अक्षरशः मुलाखत दिल्यासारख्या दिल्या. प्रत्येक वाक्य तोलून, प्रत्येक अडचण सौम्य करून. तिसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला त्या कोचबाईंनीच ते ओळखले. ‘तुमच्या साहेबांना माझ्याकडून किती बैठका झाल्या एवढेच कळेल, बाकी काही सांगायचे असेल तर ते तुम्ही सांगाल,’ असे त्यांनी लिहून दिले आणि एक प्रत वरिष्ठांनाही पाठवली. माझे खरे कोचिंग त्या दिवशी सुरू झाले.

त्याच दिवशी जे घडले ते तुला सांगतो, म्हणजे बैठकीत नेमके काय होते याची तुला कल्पना येईल. मला विभागप्रमुखाचे पद हवे होते, आणि तेच मी दोन बैठका सांगत आलो होतो. त्यांनी विचारले, ‘ते पद मिळाल्यानंतरचा एक मंगळवार मला सकाळपासून सांगा.’ मी सांगू लागलो. साडेआठला गेटमधून आत, मग यंत्रे चालतात त्या शॉपवरची फेरी, मग प्रशिक्षण दालनात आयटीआयची नवीन शिकाऊ मुले, त्यांना बारीक मापे घेण्याचा मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवणे, जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या घरची चौकशी. बोलता बोलता दुपारचे चार वाजले आणि मी थांबलो. माझ्या त्या मंगळवारात विभागप्रमुखाची केबिन कुठे आलीच नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. मिनिटभर तरी आम्ही दोघे गप्प बसलो होतो आणि ती शांतता मला फार जड गेली. नंतर मी पदाचा अर्ज केला नाही, प्रशिक्षण विभाग मागून घेतला. पगारवाढ त्या वर्षी माझ्या बरोबरीच्यांपेक्षा कमी मिळाली, आणि घराचे कर्ज चालू असल्याने तुझ्या काकूला व मला हिशेब पुन्हा मांडावा लागला. परंतु उरलेली बारा वर्षे मी रोज सकाळी कामावर मनापासून गेलो.

तुझ्या बैठकांतही असेच व्हावे, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांची घडण साधारण अशीच असेल. व्हिटमोर यांच्यामुळे रूढ झालेली एक चौकट बरेच कोच वापरतात : तुला काय हवे आहे, आज परिस्थिती काय आहे, कोणते पर्याय आहेत, आणि त्यातले तू खरोखर काय करणार आहेस. या चार प्रश्नांपैकी दुसऱ्यावर सर्वांत जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा, कारण आपण सगळे परिस्थितीची जी बातमी स्वतःला देत असतो ती पुष्कळदा जुनी असते. ‘मला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कंटाळा आला आहे’ असे तू लिहिलेस. कंटाळा टेस्टिंगचा आहे, की रात्री नऊनंतर येणाऱ्या परदेशी कॉलचा, की ज्या प्रमुखाने तुझे दोन वर्षे कौतुक केले नाही त्याचा? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांपैकी एकावरच नोकरी सोडणे हा उपाय असू शकेल.

मराठीत बोलता येईल असा कोच मिळाला तर तो निवड, असे मी आग्रहाने सांगेन. कचेरीतली तुझी भाषा इंग्रजी आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या भाषेत ‘आय ॲम फाइन’ म्हणून सहज सुटता येते. आईशी भांडताना, देवापुढे हात जोडताना, स्वतःवर रागावताना तू मराठीतच बोलतेस, आणि निर्णय त्याच भाषेत होत असतात.

याला जोडूनच घराचा विषय येतो. हा व्यवसाय ज्या समाजात वाढला तिथे बावीसाव्या वर्षी माणूस एकटा निर्णय घेतो असे गृहीत धरलेले असते. तुझ्या निर्णयात साताऱ्याचे घर आहे, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च आहे, ‘सरकारी परीक्षा एकदा देऊन बघ’ म्हणणारे बाबा आहेत. जो कोच हे सगळे बाजूला सारून ‘फक्त तुझे मन काय म्हणते ते सांग’ म्हणेल, तो तुला अर्ध्या माहितीवर निर्णय घ्यायला लावेल. ‘या निर्णयाची झळ कोणाकोणाला लागणार आहे, आणि त्यांच्याशी तू काय बोलली आहेस?’ असे विचारणारा हवा. हा प्रश्न त्याने विचारला नाही, तर तू स्वतः हा विषय काढ.

दोन बैठकांच्या मध्ये जे काम करायचे ठरते, ते मात्र चुकवू नकोस. दोन आठवडे रोजच्या कामाची नोंद ठेवणे, तुला खुणावणाऱ्या क्षेत्रातल्या तीन माणसांना भेटणे, सहा महिने पगाराशिवाय निघतील का याचा हिशेब मांडणे, असली ती साधी कामे असतात, आणि बदल घडतो तो बैठकीपेक्षा त्यांतच. एखादे काम झाले नाही तर ‘वेळ मिळाला नाही’ असे सांगून मोकळी होऊ नकोस. तिसऱ्या माणसाला फोन करायला हात का धजला नाही, याच्यातच पुष्कळदा पुढच्या बैठकीचा विषय असतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या सुमारास काहीच पुढे सरकत नाही असे वाटू लागते. ते त्याच बैठकीत, स्पष्ट शब्दांत बोलून दाखव. सहा बैठकांनंतरही तीच तक्रार असेल, तर थांब. थांबण्याचा अधिकार तुझा आहे आणि त्यासाठी माफी मागावी लागत नाही.

व्यवहाराचे थोडक्यात. नोकरीची किंवा पगारवाढीची हमी देणारा, ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ म्हणणारा, वर्षभराचे पॅकेज हप्त्यांवर घ्यायला लावणारा, किंवा चौथ्या भेटीत तुलाच कोच होण्याचा अभ्यासक्रम विकू पाहणारा, अशांपासून दूर राहा. शुल्काची पावती घे. कोच जीएसटीत नोंदणीकृत असेल तर 18 टक्के कर वेगळा लागेल, म्हणून सांगितलेली रक्कम करासह की कराशिवाय, हे आधी विचार. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

तुझे पहिले बोलणे येत्या शनिवारी आहे असे तू लिहिले आहेस. त्याआधी एक कागद घेऊन, माझ्यासारखाच, वर्षानंतरचा एखादा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढ. मराठीत लिही, आणि मला दाखवू नकोस. कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी त्याची प्रत मात्र मला पाठव. शुल्काचा आकडा झाकलास तरी चालेल. मी ती सावकाश वाचून, जिथे शंका येईल तिथे पेन्सिलने खूण करून दोन दिवसांत परत पाठवीन.

तुझा,
काका