सोनोग्राफीत जंत दिसला, पण संडासच्या रिपोर्टमध्ये नाही!

प्रश्न: डॉक्टर, आम्ही डिचोलीचे. चवथ झाल्यापासून ७ वर्षांच्या मुलाचं बेंबीभोवती पोट दुखतंय. संडास एकदा तपासली, काहीच नाही, मग सोनोग्राफी केली तर म्हणे लहान आतड्यात जंत दिसतोय. खरं कुठलं? शेजारचे म्हणतात सीटी करून टाका. आणि सासऱ्यांचं हिमोग्लोबिन ८, दिवसभर कुळागरात (पोफळीच्या बागेत) अनवाणी, पण त्यांची सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे त्यांना जंत नाहीत ना?

उत्तर: ताई, दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. संडासमध्ये जंत नाही, त्याची अंडी शोधतात. मोठ्या जंताची (राउंडवर्मची) मादी रोज २ लाखांच्या आसपास अंडी घालते खरी, पण पोटात एकटा नरच असेल किंवा मादी अजून वयात आली नसेल तर अंडी येणार कुठून! सोनोग्राफीत मात्र १५ ते ३५ सेंमीचा हा जंत आडवा आला की रुळासारख्या समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, मधली काळी पट्टी म्हणजे त्याचं स्वतःचं आतडं, आणि पोटावर फिरवतात तो प्रोब जरा धरून ठेवला तर तो वळवळतानाही दिसतो. पूर्वी बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव) पाजून एक्स-रे काढायचे, तेव्हा उपाशी जंतसुद्धा बेरियम प्यायचा आणि त्याच्या पोटात पांढरा दोरा उमटायचा, मला ते फोटो अजून आवडतात. सीटी कशाला? उगाच रेडिएशन. जंताची गोळी डॉक्टर देतीलच. मात्र पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, संडास आणि गॅस बंद झाला तर घरी गोळी देत बसू नका, तडक कॅज्युअल्टीत न्या, जंतांच्या गुंत्याने आतडं तुंबलेलं असू शकतं.

सासऱ्यांचं वेगळं. अनवाणी पायातून शिरतो तो हुकवर्म, जेमतेम १ सेंमीचा, आतड्याला चिकटून रक्त पितो, तो सोनोग्राफीत दिसतच नाही, त्यामुळे त्या नॉर्मल रिपोर्टला इथे काही अर्थ नाही. एंडोस्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) कधीकधी सापडतो. आणि या वयात ८ हिमोग्लोबिन म्हटल्यावर नुसतं जंतांवर ढकलू नका, अल्सर, मूळव्याध, कॅन्सर यातून रक्त जातंय का तेही बघायलाच हवं. तोवर संडास ३ वेगवेगळ्या दिवशी तपासा, पण ताजी. आपल्या उकाड्यात कालचा डबा नेलात तर अंडी फुटून अळ्या निघालेल्या असतात आणि लॅबवाला त्यांना भलताच जंत समजतो.