वाढदिवस डिसेंबरात, बिलं जूनमध्ये

मागच्या अंकात आमच्या बालगृहाबद्दल दोन पानं छापून आली आणि संपादकांकडे प्रश्नांचा ढीग पडला, त्यातले काही त्यांनी माझ्याकडे पाठवून दिले, म्हणाले ताई तुम्हीच उत्तरं द्या. मी काही लेखिका नाही, 22 वर्षं झाली तालुक्याच्या गावी 40 मुलांचं घर चालवतेय, त्यामुळे बोलते तसंच टाइप केलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : मुलाचा सातवा वाढदिवस हॉटेलात न करता तुमच्यासारख्या ठिकाणी करायचाय. केक, जेवण, प्रत्येक मुलाला गिफ्ट असा प्लॅन आहे. चालेल ना? (एक वाचक, ठाणे)

दादा, मनातलं चांगलंच आहे, पण खरं सांगू का, डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे आठवड्याला तीन-तीन चार-चार केक कापले जातात. एका रविवारी तर सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे तीन बड्डे झाले, तिसऱ्याला आमची एक सहा वर्षांची पोरगी माझा पदर ओढून कानात विचारते, ताई आता ह्याला पण हॅपी बड्डे म्हणायचं का, घसा दुखतोय. पाहुण्यांना वाटतं मुलं किती खूश आहेत, टाळ्या बघा कशा वाजवतात, अहो त्यांना माहितीये की वाजवायच्या असतात! आणि स्वतःचा वाढदिवस कधी हे आमच्या निम्म्या मुलांना माहीतच नाही, कागदावर 1 जून लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्याचा केक कापताना त्या पोरांच्या डोक्यात काय चालतं ते विचारायची माझी तरी हिंमत होत नाही.

म्हणून म्हणते, या, पण आधी फोन करून विचारा की त्या दिवशी आधीच कुणी येतंय का. केकच्या ऐवजी त्या दिवसाचा किराणा भरा, मुलाला आमच्या पंगतीत मांडी घालून बसवा, जेवण झाल्यावर त्याची थाळी त्याला घासू दे, आणि व्हॉलीबॉल आणला असेल तर तो नुसता देऊन जाऊ नका, तासभर खेळा. डिसेंबर जमत नसेल तर जुलैतल्या एखाद्या मंगळवारी या, तेव्हा आमच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही.

फोटोचं मात्र आधीच सांगते, मुलांचे चेहरे, नावं, शाळा असं काहीही बाहेर टाकायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं बंदी आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टेटसला ठेवलं तरी ते बाहेर टाकणंच झालं. एका पाहुण्यांना मी मोबाइल खिशात ठेवा म्हटलं तर रागावून बिस्किटांचे बॉक्स परत गाडीत भरून घेऊन गेले. जाऊ देत.

प्रश्न : जुने कपडे कुठे आणून देऊ? (एक वाचक, पुणे)

ताई, धुतलेले, बटणं जागेवर असलेले, तुमच्या भाचीला घालायला दिले असते असे असतील तर नक्की आणा. नसतील तर घरीच पायपुसणी करा. आमच्याकडे एकदा गोणीभर कपड्यांतून एक शेरवानी, दोन ब्लेझर आणि फाटके मोजे निघाले होते, शेरवानी गॅदरिंगला कामी आली एवढंच. खरी गरज नव्या अंडरवेअर-बनियनची आणि मुलींसाठी पॅडची असते, पण ते गिफ्ट म्हणून द्यायला लोकांना लाज वाटते.

प्रश्न : सगळ्यात वाईट दिवस कोणते होते आणि ते कसे निघाले? (एक वाचक, सांगली)

सगळे धरून चालतात की लॉकडाऊन. लॉकडाऊनला आम्ही गेट बंद करून आतच होतो, दोन मावशी तीन महिने घरी गेल्या नाहीत, सगळं खरं, पण तेव्हा लोकांना आमची आठवण होती, गेटबाहेर तांदळाची पोती ठेवून जायचे. आमचे वाईट दिवस म्हणजे जून. त्यातही दहा-अकरा वर्षांपूर्वीचा एक जून. अनुदान अडकलेलं, शाळा सुरू, वह्या-दप्तरं-बूट सगळं एकदम, पहिल्याच पावसात मुलींच्या खोलीचं छत गळायला लागलं आणि डिसेंबरातले केकवाले सगळे गायब.

हिशोब बघा म्हणजे कळेल. नियमात प्रत्येक मुलामागे दिवसाला 600 ग्रॅम धान्य आणि 120 ग्रॅम डाळ लिहिलीये, म्हणजे 40 मुलांना रोजचं 24 किलो धान्य आणि पावणेपाच किलोच्या वर डाळ. लहान पोरं तेवढं खात नाहीत पण दहावीतले दोघं-तिघं ती कसर भरून काढतात. हे झालं नुसतं भाकरी-वरणाचं. तेल, दूध, गॅस, लाइट बिल, मावशींचे पगार, कुणाला तरी कायम ताप असतोच त्याची औषधं, हे सगळं वेगळं. आणि लाइट बिलाला देणगीदार मिळत नाही हो, बिलावर कुणाच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येत नाही ना.

तर त्या जूनला आमची किराणा दुकानातली उधारी 1 लाख 83 हजारांवर गेलेली. मी दुकानात जायचंच बंद केलं होतं, चिठ्ठी देऊन मोठ्या मुलांना पाठवायचे, लाजच तेवढी वाटायची. एक दिवस शेटजींनी मुलाबरोबर निरोप दिला, ताईंना स्वतः यायला सांग. मी गेले, मनातल्या मनात वाक्यं जुळवत, की दागिने मोडून अर्धे देते वगैरे. त्यांनी लाल वही काढली, आमचं पान दाखवलं, त्याच्या खाली एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले हे हितं राहू दे, सावकाश बघू, आजपासून नवीन पान. आणि वर मला ओरडले, की पोरांना पाठवता आणि पोरं घाबरून कमी माल मागतात, परवा साखर मागितलीच नाही त्यानं, मीच आपली पिशवीत टाकली.

ती रेघेवरची उधारी फेडायला आम्हाला चार वर्षं लागली, व्याज त्यांनी कधी काढलं नाही. त्यांनीच मग बाजारात शब्द टाकला असणार, कारण पुढच्या गुरुवारच्या बाजाराला भाजीवाल्या मावशी हाका मारायला लागल्या, कुणी मेथीच्या दोन जुड्या, कुणी वांगी, हातात नुसतं कोंबायच्या. गिरणीवाल्यानं दळणाचे पैसे घेणं बंद केलं ते आजतागायत. सलूनवाल्याचं दुकान सोमवारी बंद असतं, तर महिन्यातल्या एका सोमवारी तो स्वतःची खुर्ची टेम्पोत टाकून येतो आणि वीस-बावीस डोकी भादरून जातो, पैशाचं नाव काढलं की म्हणतो ताई चहा टाका. ही माणसं कधी भाषणात आली नाहीत, यांच्यापैकी एकानंही फोटो मागितला नाही.

यात आम्ही काही नवीन शोधलं नाही म्हणा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 1924 मध्ये बोर्डिंग काढलं त्या काळातला मुष्टिफंड तुम्ही सांगलीकरांना मी काय सांगायचा, दळायला बसलेल्या बाईनं एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं, ते गोळा होऊन बोर्डिंगमध्ये यायचं. आणि तरी मुलांना घालायला काही नाही अशी वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. माझं मंगळसूत्र वाचलं ते शेटजींच्या रेघेमुळे.

आता आमच्याकडे महिन्याला 200 रुपये देणारे साठ-सत्तर जण आहेत, बँकेतून आपोआप कट होतात. बारा-चौदा हजार होतात, दिसायला काही नाही, पण ते जूनमध्येपण येतात. वर्षातून एकदा पन्नास हजार देणाऱ्याचा मान मोठा, कबूल, पण मला झोप लागते ती या दोनशेवाल्यांमुळे.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, मोठं घर रिकामं आहे. दहा-बारा अनाथ मुलं आणून सांभाळावीत असं वाटतं. सुरुवात कशी करू? (एक वाचक, जालना)

सर, आधी थांबा. मुलं आणून ठेवली असं आता करताच येत नाही. संस्थेची नोंदणी लागते, धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट म्हणून वेगळी आणि बाल न्याय कायद्याखाली बालगृह म्हणून वेगळी, त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जावं लागेल. नोंदणीशिवाय चालवलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी 1 लाख दंड, किंवा दोन्ही. आणि मूल कुठून यायचं हे तुम्ही-मी ठरवत नाही, ते बाल कल्याण समिती ठरवते. रस्त्यात मूल सापडलं तरी 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं, घरी ठेवून घेता येत नाही, कितीही माया आली तरी. अशा वेळी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

लोक म्हणतात केवढा हा जाच. रजिस्टरं भरून भरून मी पण वैतागते, पण अनाथाश्रमाच्या नावाखाली काय काय चालायचं ते मी बघितलंय, त्यामुळे तपासणीला कुणी आलं की मी चहा ठेवते.

दुसरं म्हणजे तुमचं वय. आज सहा वर्षांचं मूल घेतलं तर ते अठराचं होईपर्यंत तुम्ही दोघं किती वर्षांचे असाल ते मोजा, रागावू नका. आणि आमच्याकडची सगळी मुलं काही पूर्ण अनाथ नाहीत, बऱ्याच जणांची आई आहे, मोलमजुरी करते, सांभाळता येत नाही म्हणून मूल इथं. अशा आईला सरकारच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात, पण तिला ना फॉर्म माहीत ना कागद. तुम्ही शिक्षक आहात, गावातल्या अशा पाच बायकांचे फॉर्म भरून द्या, पाठपुरावा करा आणि संध्याकाळी त्या रिकाम्या घरात त्यांच्या पोरांचा अभ्यास घ्या. पाच मुलं आमच्यासारख्यांकडे यायचीच वाचतील. माझं दुकान बंद पडलं तरी चालेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, पैसे पाठवायचेत. पावती आणि टॅक्सचं काय? (एक वाचक)

तुमचा पासपोर्ट अजून भारताचा असेल तर तुमच्या बचतीतले पैसे बँकेतून पाठवा, आम्ही घेऊ शकतो. अमेरिकेचा झाला असेल तर ती परदेशी देणगी धरली जाते, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं, आमच्यासारख्या छोट्या संस्थेकडे ते नाही. मग तुमच्या इकडच्या भावाला सांगा की त्याच्या पैशातून दे, आणि तुम्ही सुट्टीत आलात की येऊन मुलांना आठ दिवस इंग्लिश शिकवा. टॅक्सचं म्हणाल तर देणगीवरची 80जी ची सवलत इथं टॅक्स भरणाऱ्याला, तीही जुन्या पद्धतीनं भरत असेल तरच, आणि रोख 2000 च्या वर दिले तर त्यावर सवलत नाही. पावती आम्ही दहा रुपयांचीसुद्धा फाडतो.

प्रश्न : अठरा वर्षं झाल्यावर ही मुलं जातात कुठे? (एक वाचक, कोल्हापूर)

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. कायद्यात 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय आहे, अनाथांना राज्यात 1 टक्का आरक्षण आहे त्याचं प्रमाणपत्र आम्ही आधीच काढून ठेवतो, पण कागद वेगळा आणि पहिल्यांदा एकटं खोलीत झोपणं वेगळं. चाळीस जणांच्या गोंगाटात वाढलेलं पोर, त्याला शांततेत झोपच येत नाही, एकानं मला सांगितलं की तो मुद्दाम रेल्वे स्टेशनजवळची खोली बघून राहिला. त्यामुळे देणगीदारांना मी म्हणते की एखाद्या मुलाचं डिपॉझिट भरा, एक शेगडी आणि चार भांडी द्या, दिवाळीला त्याला घरी जेवायला बोलवा.

आमची एक मुलगी नर्सिंग करून मागच्या वर्षी नोकरीला लागली, मैत्रिणीबरोबर दोघीच राहतात. पहिल्या रात्री साडेआठला तिचा फोन, ताई दोघींना डाळ किती टाकू? मी म्हटलं अगं अर्धी वाटी पुरे. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणते, कुठली वाटी ताई, आपल्या कोठीतली का घरातली असते ती?