ऑनलाइन समुपदेशनाचा खरंच उपयोग होतो का? नुसतं बोलून काय होणार?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी जवळपास समुपदेशक नाही, मोबाइलवरून सत्रं घ्यावीत का. शिवाय मित्र म्हणतो, ‘ते नुसतं ऐकून घेतात आणि पैसे घेतात.’ मी पुण्यात समुपदेशन करते. करोनापासून माझं बरंचसं काम व्हिडिओ कॉलवरच चालतं. आधी मित्राच्या शंकेचं बघू.

सल्ला देणं हे माझं काम नाही. नोकरी सोडू का, लग्न मोडू का, याची उत्तरं द्यायला नातेवाईक पुष्कळ असतात. मी मुख्यतः विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. घटना आणि त्रास यांच्या मध्ये एक विचार बसलेला असतो, तो शोधायचा, हा तिचा गाभा.

एक उदाहरण देते, तपशील बदललेत. एका कर्मचाऱ्याची फाइल साहेबांनी न बघताच बाजूला सारली. रात्रभर झोप नाही, छातीत धडधड. मी वहीत तीन रकाने आखायला सांगितले: काय घडलं, मनात काय आलं, मग काय झालं. पहिला आणि तिसरा भराभर भरला, मधला कोरा. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, ‘साहेब माझ्यावर खार खाऊन आहेत.’ मी म्हटलं, समजा असतील, मग? ‘बढती जाईल.’ गेली, मग? तो गप्प. शेवटी म्हणाला, ‘मग मी बिनकामाचाच ठरलो ना!’ दुखणं तिथे होतं. पुढची सत्रं त्या एका वाक्याशी वाद घालण्यात गेली. बढती हुकली तर वाईट वाटेलच, पण तेवढ्यावरून अख्खा माणूस बिनकामाचा ठरतो, याला पुरावा काय? गृहपाठ म्हणून त्याने साहेबांना फाइलबद्दल सरळ विचारायचं होतं. विचारलं. ‘ठेवा तिथे, बघतो,’ एवढंच उत्तर मिळालं. साहेब काही सुधारले नाहीत, पण त्या रात्री याला झोप लागली.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर झालं, आणि नीट झालं. स्क्रीनची अडचण लोकांना वाटते तेवढी नसते. खरी अडचण घराची. आपल्याकडे स्वतंत्र खोली कितीजणांना असते? आणि असली तरी दाराला कडी लावली की ‘आत काय चाललंय?’ सुरू. माझ्याकडे कुणी गच्चीवरून बोलतं, कुणी पार्किंगमधल्या गाडीत बसून. एका ताईंशी आमचं ठरलेलं आहे: सासूबाई खोलीत आल्या की त्या म्हणतात, ‘हो मॅडम, फॉर्म पाठवते,’ आणि मी लगेच बचतगटाच्या गप्पा सुरू करते! इअरफोन मात्र हवाच, नाहीतर माझे प्रश्न अख्ख्या घराला ऐकू जातात.

पहिल्याच सत्रात मी पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर घेते. काहीजणांना ते खटकतं. पण कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असताना रेंज गेली, तर मी पुण्यात बसून काय करणार? जिवाला धोका असेल तेव्हाच तो नंबर वापरते. एरवी फी नवऱ्याने भरली असली तरी ‘काय म्हणाली ती?’ या त्याच्या फोनला माझ्याकडे उत्तर नसतं.

ऑनलाइन कुठे नको, तेही सांगते. कानात आवाज येत असतील, दारू सोडताना अंगाला थरथर सुटत असेल किंवा त्रास देणारा माणूस त्याच घरात कान देऊन असेल, तर प्रत्यक्षच जा. पहिल्या दोन गोष्टींत तर आधी मनोविकारतज्ज्ञ. औषधं तेच देतात, आम्ही नाही.

‘समुपदेशक’ अशी पाटी आठवड्याभराचा कोर्स करूनही लावली जाते, म्हणून पदवी बेधडक विचारा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असं सांगत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. परिषदेच्या वेबसाइटवर ती तपासता येते. चांगल्या माणसाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. तीन-चार सत्रांनंतर काहीच हलत नसेल तर तसं तोंडावर सांगा. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो.

फी परवडत नसेल तर सरकारचा टेलिमानस हा मानसिक त्रासासाठीचा मदतीचा फोन नंबर आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. रात्री-अपरात्री असह्य झालं तर माझ्यासारखीच्या पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, तिथे फोन करा.

घरी सांगावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तुमचं वय अठराच्या वर असेल तर समुपदेशनासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. सांगायचं झालं तर कुणाला आणि किती, हा पहिल्या सत्राचाच विषय होऊ शकतो.