हमीपत्रावर सही करू नका (उत्तर थोडं लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. नाशिकला नवा फ्लॅट, दर बुधवारी प्रार्थनेला घरी दहा-बारा माणसं, त्यावर सोसायटीचं 'बाहेरचे लोक जमवून धर्मांतराचे कार्यक्रम घेऊ नयेत' असं पत्र, आणि आता शनिवारी चौकीत जबाब द्यायला या म्हणून फोन. मिस्टर म्हणतात, काय हवं ते लिहून देऊ आणि विषय संपवू.

विषय संपवायचा म्हणून २०१६ साली मीही लिहून दिलं होतं. खरा विषय तिथूनच सुरू झाला.

आधी सांगून टाकतो, मी वकील नाही. एकतीस वर्षं हिशेब खात्यात काढली, आता निवृत्त. मूळचा नगरचा (अहिल्यानगर म्हणायला अजून जीभ वळत नाही), चौथ्या पिढीचा ख्रिस्ती, राहायला पिंपरी-चिंचवडकडे. वकील गाठा, सगळं जपून ठेवा वगैरे वर बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी माझी चूक सांगतो.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ प्रार्थना असायची. पेटी, ढोलकी, टाळ. पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) महिन्यातून एकदा, एरवी आम्हीच. एका शुक्रवारी गीत चालू असताना बेल वाजली. दारात दोन पोलीस, त्यांच्या मागे जिन्यात सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी चौकीत बोलावलं. तीन तास बाकावर बसवलं. अधिकारी वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. बंदोबस्तावरून आलेला, डबा तसाच टेबलावर. मला म्हणाला, "काका, सज्जन दिसता. चार ओळी लिहून द्या, तुम्हीही मोकळे, मीही मोकळा." मजकूर त्यानं सांगितला, मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचं त्यानं कौतुकही केलं.

काय लिहिलं? 'यापुढे माझ्या राहत्या घरी बाहेरील व्यक्ती जमवून कोणताही धार्मिक कार्यक्रम घेणार नाही. आजवर झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे.' प्रकार! माझी आई ज्याला उपासना म्हणायची त्याला मी स्वतःच्या हातानं 'प्रकार' लिहिलं. आणि ज्या माणसानं नोकरीत एक व्हाउचर प्रतीशिवाय सोडलं नाही, त्यानं या कागदाची प्रतही मागितली नाही.

आठ दिवसांत त्या कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता. चौकीतून तिथे कसा पोचला ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. प्रत मागायला चार चकरा मारल्या. 'साहेब रजेवर', 'तो कागद वर गेला', 'असा कागदच नाही'. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, उत्तर आलं की अभिलेख आढळून येत नाही. म्हणजे सरकारदरबारी जो कागद नव्हता, तो आमच्या वॉचमनच्या फोनमध्ये होता. त्या नाताळात आमच्या मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) पोरं कॅरोल म्हणायला आली तेव्हा वॉचमननं त्यांना गेटवर तो दाखवून परत पाठवलं. बिचाऱ्याला शरम वाटत होती, पण नोकरी त्याची.

हे सगळं मी गिळलं. खरा फटका २०१८ ला बसला. आई गेली. पार्थिव घरी आणलं, नगरहून, राहुरीहून नातेवाईक आले, हॉल भरला, जिन्यात माणसं उभी. पाळकसाहेबांनी हळू आवाजात गीत सुरू केलं. तेवढ्यात सेक्रेटरी दारात आला. पायात चपला, हातात पारदर्शक फोल्डर, त्यात माझं ते सुंदर अक्षर. म्हणाला, "दुःखाचा प्रसंग आहे, मान्य, पण तुम्ही लिहून दिलंय ना?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. काय बोलणार? सही माझीच होती.

बोलल्या त्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. "घरात मयत आहे, कागद कसले दाखवता?" एवढंच. मग आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडलं, सतरंजी टाकली आणि जिन्यातल्या माणसांना आत बसवलं. त्यांच्या हॉलमध्येच देव्हारा. देव्हाऱ्याखाली आमच्या आत्या, मावश्या बसल्या आणि गीत म्हणाल्या. काकूंनी चहाचा टोप चढवला. समई लावायची त्यांची वेळ झाली तेव्हा गीत संपेपर्यंत त्या काडेपेटी हातात धरून थांबल्या होत्या. ते मी समोरच्या दारातून बघत होतो.

आता गंमत ऐका. दोन वर्षं माझी खात्री होती की आमच्याविरुद्ध तक्रार काकूंनीच केली. जिन्यात भेटल्या तर मी मान वळवायचो. तेराव्या-चौदाव्या दिवशी मी सरळ विचारलं. म्हणाल्या, "हो, केली होती. ढोलकीची. नातू दहावीला होता आणि तुमच्या पाहुण्यांच्या चपला माझ्या रांगोळीवर." तोंडी तक्रार, सेक्रेटरीकडे, ढोलकी आणि चपलांची. सेक्रेटरीनं लिहिताना तिचं 'धर्मांतर' केलं. (विनोद मुद्दाम नाही, पण झाला खरा.)

म्हणून तुम्हाला पहिली विनंती ही की मूळ तक्रार काय होती ती शोधा, आणि तक्रार करणाऱ्याच्या घरी जाऊन शोधा. आवाज, पार्किंग, चपला, लिफ्ट यातलं काही असेल तर ताबडतोब मान्य करा आणि सुधारा. त्यात कमीपणा नाही. पण आवाजाची तक्रार आवाज म्हणूनच लिहून घ्या. आवाजाची आणि धर्मांतराची तक्रार एका कागदावर आली की ढोलकीची शिक्षा प्रार्थनेला होते.

आणखी एक चूक करू नका. मी वार्षिक सभेत उठून म्हणालो, "तुमचा सत्यनारायण चालतो, गणपतीत दहा दिवस मांडव चालतो, मग आमचंच का?" मुद्दा बरोबर होता, पण माझ्या बाजूचे तीन जण त्या वाक्यानं गेले. त्यांना वाटलं, हा आता गणपती बंद पाडायला निघाला. आजही सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मी देतो आणि आरतीला खाली जाऊन उभा राहतो. आमच्यातल्या काहींना ते पटत नाही. त्यांच्याशी वाद घालायची मला हौस नाही.

तुमच्या पोस्टखाली एकानं लिहिलंय, "आधी धर्मांतरं थांबवा, मग आदर मागा." त्यांच्यासाठी थोडं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का, सुमारे १० लाख ८० हजार. देशात १९५१ साली २.३ टक्के होते, २०११ साली पुन्हा २.३. लाटबीट काही दिसत नाही. आमिषाचं म्हणाल तर उलटा हिशेब आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते. शिखांना १९५६ साली आत घेतलं, बौद्धांना १९९० साली, आम्ही अजून बाहेर. माझ्या चुलत्यानं या एका कारणानं कागदोपत्री धर्म बदललाच नाही, आणि त्याची तीन मुलं दोन-दोन नावांनी जगतात. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि आपली माणसं पहिलीच सांगतात, समोरची दुसरीच. राज्याराज्यांतल्या धर्मांतरविरोधी कायद्यांबद्दल मी इथे काही सांगणार नाही, ते बदलत असतात. तेवढं वकिलाला विचारा.

पण भीती सगळी बनावट आहे असंही मी म्हणणार नाही. काकूंचं कुलदैवत गोव्यातलं मंगेशी. त्यांनीच मला सांगितलं की पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा, १५६० साली, त्यांचा देव कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला. साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट त्या परवाची असल्यासारखी सांगत होत्या. मी काय उत्तर देणार? मग मी आमची सांगितली. माझ्या खापरपणजोबांना गावच्या विहिरीवर हात लावता येत नव्हता, मिशनच्या शाळेत मात्र पाटी मिळाली. ते ऐकून त्याही गप्प झाल्या. त्या दिवशी कुणी कुणाला काही पटवलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. "तुमचं आडनाव तर आपल्यातलंच वाटतं, मग ख्रिश्चन कसे?", "घरी इंग्रजी बोलता का?" अरे बाबा, स्टीफन्स नावाच्या पाद्रीनं गोव्यात बसून मराठी ओव्यांत ख्रिस्ताचं पुराण छापलं ते १६१६ साली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंग लिहिले, कीर्तनं केली. आमच्या घरात येशू टाळावरच येतो. तरी २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झालाच. आणि हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला, वांद्र्याच्या मोतमावलीला नवस फेडायला कोण कोण जातं ते जाऊन बघा एकदा. असो, भरकटलो.

आता शिव्या खायचं वाक्य. आपल्यातले काही पाहुणे वक्ते घरच्या सभेतसुद्धा दुसऱ्यांच्या देवांबद्दल असं बोलतात की कानांना झोंबतं. माझ्याच हॉलमध्ये एकानं 'दगडाचे देव' असा शब्द वापरला होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि मी यजमान असून गप्प बसलो. 'अमुक आजार शंभर टक्के बरा' अशी पत्रकं वाटणारे वेगळेच. तुमच्याकडे बोलायला कोण येतं, काय बोलतं, याची जबाबदारी तुमची. मला हे लिहिल्याबद्दल आमच्याच मंडळीतून फोन येतील, येऊ देत.

शनिवारचं बघा. जबाबाला बोलावलं असेल तर लेखी मागा. माझ्या माहितीप्रमाणे स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही, पण तुमच्या बाबतीत नक्की काय लागू होतं ते वकिलाकडून खात्री करून घ्या. मिस्टर जाणार असतील तर एकटे नकोत. बरोबर दोन माणसं, त्यातलं एक शेजारचं, शक्यतो ख्रिस्ती नसलेलं. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती, ज्याला सगळे १४९ ची नोटीस म्हणायचे (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८), तशी नोटीस दिली तर 'प्रत मिळाली' एवढंच लिहून सही करायची, तारीख आणि वेळ टाकून. हमीपत्र, माफीनामा, 'यापुढे करणार नाही' यावर सही नाही. "लेखी द्या, लेखी उत्तर देतो" हे एक वाक्य पाठ करून जा. आवाज चढवू नका, कलमं फेकू नका. समोरचाही दमलेला असतो.

सोसायटीच्या पत्राला उत्तर द्या, पण त्यात परवानगी मागू नका. परवानगी मागितली की नाकारता येते. कळवा: दर बुधवारी अमुक ते अमुक घरात कुटुंबाची व परिचितांची प्रार्थना असते, ध्वनिवर्धक नसतो, जिना-पार्किंग अडवलं जात नाही, त्रास झाल्यास या नंबरवर सांगा. खाली पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. मी माझं हमीपत्र मागे घेतल्याचं पत्र आई गेल्यावर वकिलामार्फत दिलं, त्याची शिक्क्याची प्रत आता लॅमिनेट करून ठेवलीय. सेक्रेटरी बदलला. शुक्रवारची प्रार्थना परत सुरू आहे, साडेआठला संपते.

चपलांसाठी दाराच्या आतल्या बाजूला रॅक घ्या, जिन्यात नको. पेटी चालू ठेवा. ढोलकी तूर्त कपाटावर, निदान शेजारी कुणी दहावी-बारावीला आहे का ते कळेपर्यंत. आणि शनिवारी काय झालं ते इथे नक्की लिहा.