पहिला होलो कॅथोड करताना

भावा, होलो कॅथोड म्हणजे आयन थ्रस्टरसारख्या यंत्रांना इलेक्ट्रॉन पुरवणारी पोकळ नळी. पहिल्याच कॅथोडला बेरियमचा इन्सर्ट (आतला इलेक्ट्रॉन सोडणारा तुकडा) नको. तो १००० ते १२०० अंशांतच काम देतो हे खरं, पण ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ त्याला लगेच मारते. लँथनम हेक्साबोराइड घे. त्याला १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, पण गडी सोशिक आहे.

मात्र तो थेट टँटलमच्या नळीत बसवू नकोस. तापला की बोरॉन धातूत शिरतो, नळी ठिसूळ होऊन तडकते. मध्ये ग्राफाइटची बाही हवी. उद्यमनगरातला चांगला टर्नर ती काढून देईल. फक्त कूलंट न सोडता कोरडीच काढायला सांग. ग्राफाइटमध्ये मुरलेलं तेल व्हॅक्यूममध्ये वाफ सोडत बसतं.

नवखे बहुतेक इथं गंडतात:
- हीटर. सगळ्यात आधी हाच जातो. भोवती टँटलमच्या पातळ पत्र्याचे थर गुंडाळ, म्हणजे कमी पॉवरमध्ये भागेल.
- घाईनं तापवणं. इन्सर्टला तडा जातो.
- गरम असतानाच चेंबर उघडणं. (मोह होतोच!)
- गॅस लाइनची बारीक गळती.

नळीतून सोडायच्या गॅससाठी महागड्या झेनॉनवर आत्ताच पैसे घालू नकोस, आर्गॉनवर शिक. नळीच्या तोंडाच्या छिद्राचं गणित आणि प्लूम मोड (डिस्चार्ज अस्थिर होऊन बाहेर फाकतो ती अवस्था) कॅथोड पेटल्यावर बघू.